पाण्याचा दाब आणि गावाची दक्षता



रत्नागिरी जिल्ह्याचे जीवन पाण्याशी निगडित आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, त्याला मिळणाऱ्या वाशिष्ठी, शास्त्री, काजळी यांसारख्या नद्या, त्यांच्या खाड्या, किनाऱ्यावरचे खारबंध आणि सह्याद्रीच्या पायथ्याची लहानमोठी धरणे असा हा सारा प्रदेश आहे. पुराच्या पाण्याचे सामर्थ्य येथे लहान मुलालाही ठाऊक असते. स्थिर, संथ पाण्याचे सामर्थ्य मात्र डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच त्याचा विचार जाणीवपूर्वक करावा लागतो.

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले. धरणाखालच्या भेंदवाडीतील घरे वाहून गेली आणि वीसच्या आसपास माणसे प्राणास मुकली. धरणातून गळती होत असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. राज्यातील मोठ्या जलाशयांच्या तुलनेत हे धरण लहानच होते. लहान जलाशयातील पाणी एवढा अनर्थ कसा घडवू शकते, या प्रश्नाचे उत्तर स्थिर पाण्याच्या शास्त्रात सापडते.

विस्तार नव्हे, खोली

या शास्त्राचा पहिला नियम असा की, पाण्याचा दाब त्याच्या खोलीवर अवलंबून असतो, विस्तारावर नव्हे. सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश शास्त्रज्ञाने 1586 साली हा विचार ग्रंथरूपाने मांडला. एका भिंतीमागे तीन मीटर खोल समुद्र असो की तेवढ्याच खोलीचा हातभर रुंदीचा चर असो, स्थिर पाण्याची घनता समान असेल तर भिंतीवर पडणारा भार सारखाच असतो. सामान्य समजुतीला हे पटत नाही, परंतु ते पूर्णपणे सत्य आहे.

प्रत्येक मीटर खोलीमागे पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे एक टनाने वाढतो. दहा मीटर खोलीवर तो दहा टन, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरला एक किलो होतो. कोयनेचे पाणी सह्याद्री ओलांडून चिपळूण तालुक्यातील पोफळीच्या भूमिगत वीजगृहात चारशे मीटरांहून अधिक खाली येते. तेथील नळांना दर चौरस सेंटिमीटरला चाळीस किलोहून अधिक दाब सोसावा लागतो. शिवसागर जलाशयाच्या मानाने हे नळ अगदीच अरुंद आहेत. पण त्यांवरील दाब ठरतो तो पाण्याच्या उंचीने.

उंची दुप्पट, भार चौपट

भिंतीवरील दाब पृष्ठभागाशी शून्य असतो आणि तळाकडे वाढत जातो. त्यामुळे एकूण भार उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाच मीटर खोल पाणी भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साडेबारा टनांचा भार टाकते. दहा मीटर खोल पाणी पन्नास टनांचा, तर वीस मीटर खोल पाणी दोनशे टनांचा. हा भार तळापासून एक तृतीयांश उंचीवर एकवटला आहे असे मानता येते. उंची दुप्पट झाली की भिंत उलथवू पाहणारा जोर आठपट होतो.

पंचायत सदस्यांनी हे गणित विशेष ध्यानात ठेवावे. पाणी अधिक साठावे म्हणून जुन्या बंधाऱ्यावर आणखी मीटरभर बांधकाम चढवावे, अशी सूचना ग्रामसभेत सहज येते. तीन मीटरांचा बंधारा चार मीटरांचा केला तर उंची एक तृतीयांशानेच वाढते. परंतु त्यावरील भार साडेचार टनांवरून आठ टनांवर जातो आणि उलथवणारा जोर जवळजवळ दोन पूर्णांक चार दशांश पट होतो. जुनी भिंत आणि तिचा पाया यासाठी बांधलेला नसतो. अभियंत्याच्या तपासणीवाचून अशी वाढ करणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय.

खारबंधाची उघाडी

हाच दाब कोकणच्या शेतकऱ्याचा सेवकही आहे. खाडीकाठची भातजमीन खाऱ्या पाण्यापासून वाचविण्यासाठी मातीचे बंध घातले जातात आणि पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी त्यांत उघाडी ठेवली जाते. उघाडीची झडप वरच्या कडेला बिजागरीने टांगलेली आणि खाडीच्या बाजूस उघडणारी असते. भरती आली की बाहेरच्या पाण्याची पातळी चढते आणि त्याचा दाब झडपेला चौकटीवर घट्ट बसवितो. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, आतल्या पाण्याचा जोर वरचढ ठरतो आणि झडप आपोआप उघडते. या राखणदाराला वेतन लागत नाही, इंधनही लागत नाही.

एक मीटर लांबीरुंदीच्या झडपेची वरची कड भरतीच्या वेळी एक मीटर पाण्याखाली असेल, तर तिच्या मध्याची खोली दीड मीटर होते. आत पाणी नसेल तेव्हा तिच्यावर बाहेरून दीड टनाहून थोडा अधिक भार पडतो. एवढ्या जोराने मिटलेली झडपही एखादे लाकूड चौकटीत अडकल्यास अपुरी मिटते. मग प्रत्येक भरतीला खारे पाणी शेतात शिरते व जमीन नापीक होऊ लागते. महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम 1979 साली झाला आणि शासनाने अनेक योजना राबविल्या. तथापि झडपेत अडकलेले लाकूड वेळीच काढणे हे काम गावाच्या नजरेवरच अवलंबून राहणार.

पाणी वरही उचलते

दाब खोलीनुसार वाढत असल्याने बुडालेल्या वस्तूच्या तळावर तो माथ्यापेक्षा अधिक असतो. या फरकालाच उत्प्लावक बल म्हणतात. आर्किमिडीजने सांगितल्याप्रमाणे ते वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके असते. मिरकरवाडा बंदरातील एकेचाळीस टनांची नौका समुद्रात चाळीस घनमीटर पाणी बाजूला सारून तरंगते. गोड्या पाण्यात तिला एकेचाळीस घनमीटर पाणी सारावे लागते. म्हणून ती तेथे किंचित अधिक बुडते.

जे बल नौकेला तारते, तेच धरणाला घातक ठरू शकते. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे 2.4 टन असते. पाण्यात पूर्ण बुडाल्यावर त्याचा आधारावरील भार 1.4 टनच उरतो. भिंतीच्या भेगांत किंवा पायाखाली पाणी शिरले की ते भिंतीला वर उचलू लागते आणि केवळ वजनाच्या आधारावर उभी असलेली भिंत दुबळी होते. फ्रान्समधील बूझे धरण 1895 साली फुटल्यानंतर या बलाकडे अभियंत्यांचे गांभीर्याने लक्ष गेले. मोठ्या काँक्रीट धरणांच्या पोटात पाणी निचरून टाकणाऱ्या वाहिन्या ठेवतात, त्या याचसाठी.

गढूळ पाझर म्हणजे इशारा

मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरणे स्वाभाविक आहे. खालच्या पायथ्याशी दगड व वाळूची गाळणी त्यासाठीच घालतात. तेथून स्वच्छ पाणी थोड्या व स्थिर प्रमाणात येत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. तेच पाणी गढूळ येऊ लागले, त्याचे प्रमाण वाढले किंवा नवीन जागी झरा फुटला, तर पाणी आतील माती वाहून नेत आहे असे समजावे. कुजलेले मूळ, प्राण्याचे बीळ, जलद्वाराच्या बांधकामालगतची सैल माती अशा कोणत्याही वाटेने दाबाखालील पाणी मार्ग शोधते. मार्ग रुंदावला की प्रवाह वाढतो आणि प्रवाह वाढला की मार्ग आणखी रुंदावतो. नंतर सावरण्यास फार थोडा अवधी उरतो. सांडवा तुंबून पाणी माथ्यावरून वाहू लागल्यासही मातीचे धरण टिकत नाही.

धरण सुरक्षा अधिनियम, 2021 मध्ये पंधरा मीटरांहून उंच धरणे, तसेच दहा ते पंधरा मीटर उंचीची विशिष्ट निकषांत बसणारी धरणे अंतर्भूत आहेत. दहा मीटरांहून कमी उंचीचे तलाव व बंधारे त्या व्याख्येत येत नाहीत. त्यांच्या बाबतीत गावाची दक्षता अधिकच मोलाची ठरते. पावसाळ्यापूर्वी सांडवा मोकळा करणे, भरावावरील झाडे वाढू न देणे, पावसाळ्यात पाझराची दररोज नोंद ठेवणे आणि गढूळ पाणी दिसताच तहसीलदार व संबंधित अभियंत्यास लेखी व तोंडी कळविणे, एवढे प्रत्येक ग्रामपंचायतीला शक्य आहे. अशी तक्रार हाती आल्यावर जागेवर जाऊन पाहणी करणे हे अधिकाऱ्यांचेही तितकेच निकडीचे कर्तव्य आहे.

शिक्षकांनी हा नियम एका डब्याच्या साह्याने वर्गात दाखवावा. उंच डब्याला एकाखाली एक तीन छिद्रे पाडून तो पाण्याने भरावा आणि स्वतःच्या उंचीहून अधिक उंच स्टुलावर ठेवावा. जमिनीवर ठेवल्यास तळाची धार लवकर भुईला टेकते आणि मुलांचा उलटाच समज होतो. स्टुलावर ठेवला म्हणजे सर्वांत खालची धार सर्वांत दूर पडते. हा प्रयोग पाहिलेला विद्यार्थी उद्या तलावाच्या बांधावरून जाताना पायथ्याशी नवा, गढूळ झरा पाहील, तेव्हा तो क्षणभर थांबेल आणि घरी येऊन सांगेल. त्याचे सांगणे गावाने ऐकले, तर पाण्याच्या दाबाचे हे ज्ञान खऱ्या अर्थाने उपयोगी पडले असे म्हणता येईल.