घरखर्चाची वही मुलांच्या हाती द्या
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



संयोजकांनी विषय दिलाय, ‘मुलं विद्यापीठात जाताना पालकांची तयारी’. कॅप राउंड, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल, जात पडताळणी यांवर मी बोलणार नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. (हशा) मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी जिथे बोलावतील तिथे सांगते.

बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. प्रत्यक्ष वर्ग सुरू व्हायला जुलै-ऑगस्ट, कधी सप्टेंबरही उजाडतो. सीईटीचा शेवटचा पेपर झाला की त्या दिवसापासून घरखर्चाची वही मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्या. किराणा, दूध, गॅस, लाइट बिल, आजीची औषधं, सगळं. महिन्याचे पैसे त्याच्या खात्यावर टाका आणि पैसे कमी पडले तर लगेच भर घालू नका.

मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. जून-जुलैत माझ्या टेबलासमोर आई, वडील, मामा आणि मधे ती मुलगी अशी माणसं बसत. मी मुलीला विचारायचे, “बाळा, नाव काय?” उत्तर वडील द्यायचे. “जेवणात काय चालत नाही?” उत्तर आई द्यायची. फॉर्म मामा भरायचे, मुलगी फक्त सही करायची.

त्यातल्याच एकीची गोष्ट. नांदेडकडची मुलगी, दहावी-बारावीत उत्तम मार्क. श्रावणात तिला रात्री ताप चढला. माझी खोली बरोबर तिच्या खोलीखाली होती. तिनं फोन केला तो घरी. वडिलांनी हडपसरच्या चुलतभावाला उठवलं, त्यानं आपल्या ओळखीच्या एकाला, आणि असं करत करत रात्री अडीचला वसतिगृहाच्या ऑफिसातला फोन वाजला. वर गेले तर रूममेट तिच्या कपाळावर ओल्या रुमालाची घडी ठेवून बसलेली. मी म्हटलं, “अगं, खाली का नाही आलीस?” तर म्हणाली, “मॅडम, बाबांना विचारल्याशिवाय दवाखान्यात कसं जाऊ? पैसे किती लागतील?” उशाशी बँकेचं पाकीट होतं, त्यात एटीएम कार्ड. पिन कुणाला माहीत? वडिलांना! रिक्षात बसल्यावरही ती मला विचारत होती की रिक्षाचे पैसे आपण द्यायचे असतात की दवाखाना देतो. ती हुशार मुलगी होती हो. तिच्या हातून कधी शंभर रुपये खर्च होऊ दिले नव्हते, एवढंच. डेंग्यू निघाला. आठवडाभर सलाईनवर होती. आई आली, माझ्याच खोलीत राहिली, मेथीची पातळ भाजी करून डबा न्यायची. जाताना तिनं मुलीला माझ्यासमोर पिन सांगितला. त्या माउलीला मी मनापासून नमस्कार केला.

काम मुलांच्याच हाती सोपवावं, हे काही मी शोधलेलं शहाणपण नाही. १९०१ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात बोर्डिंग काढलं, १९२४ साली कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्यात. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगसाठी मंगळसूत्र दिलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहून स्वयंपाकापासून शेतापर्यंतची कामं स्वतः करत, हेही लक्षात ठेवा. भाऊरावांनी नुसती जेवणाची सोय केली नाही, काम पोरांच्या हाती सोपवलं. पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना त्यांच्याच नावानं चालते.

(श्रोत्यांतून : “मुलींची काळजी वाटणारच ना, मॅडम!”)

वाटणारच. मलाही वाटते, मी मुलींमध्येच आयुष्य काढलंय. पण २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. आता घरापासून दूर जाणाऱ्या मुली वाढणार. फी माफ झाली तरी मेस, कॉट बेसिसवरची खोली, प्रवास हे उरतंच, आणि ते तिलाच सांभाळायचं आहे. आपल्याकडे मुलीला स्वयंपाक शिकवतात, बँक दाखवत नाहीत. मुलाला यूपीआय येतं, तूरडाळीचा भाव येत नाही. काळजी वाटते म्हणूनच वही द्या म्हणते. (टाळ्या)

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. वसतिगृह कसं निवडावं, पहिलं सत्र बिघडलं तर काय करावं, हे राहून गेलं. प्रश्नोत्तरांत विचारा. दोन नंबर मात्र लिहून घ्या. प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनाही द्यावं लागतं. ते सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेऊ नका, दोघं बसून वाचा. रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२ वर करता येते. मन फार खचलं तर टेलि-मानस, १४४१६. मोफत आहे, रात्रीही चालतो. हे नंबर मुलाच्या फोनमध्ये त्यालाच सेव्ह करायला सांगा.

आणि रोज फोनवर “जेवलास का” विचारलंत तर विचारा, मी अडवत नाही. पण मेसचं बिल त्याचं त्याला भरू द्या, बँकेत त्याचं त्याला जाऊ द्या, दवाखान्यात जायला परवानगी लागत नाही हे निघण्याआधीच सांगून ठेवा.

परवा पहिली तारीख आहे, पगार होईल. ज्यांच्या मुलांची सीईटी झाली आहे, त्यांनी परवाच वही द्या. ज्यांची राहिली आहे, त्यांनी पेपर झाल्याच्या संध्याकाळी.