आधी मैदान, मग तबेला

हैदराबादेत कोठीच्या आसपासची नावे जरा कान देऊन ऐकली, तर त्यांत टापांचा आवाज अजून येतो. ट्रूप बाजार नावाने पलटणीचा आहे. आज तिथे नळ, फरश्या आणि झुंबरे मिळतात. ज्या वाड्यावरून या भागाला कोठी म्हणू लागले, ती ब्रिटिश रेसिडेन्सी रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभी केली आणि आज तिथे मुली शिकतात. पण गोशामहलला शहर पोलिसांचे घोडे आहेत, चादरघाटचा पूल ओलांडला की मलकपेठचे रेसकोर्स आहे आणि तिकडे बोलारमला रिसाला बाजार आहे. निजामाच्या दरबारातली पायगा घराणी आणि आपल्या मराठी दप्तरांतली पागा, ही दोन्ही नावे एकाच फारसी शब्दातून आलेली. तेव्हा हैदराबादच्या मराठी माणसाला घोडा परका नाही. नवे आहे ते एवढेच, की मोईनाबाद, शंकरपल्ली, शामीरपेठ या बाजूंना ज्यांची घरची जमीन आहे, अशा काही कुटुंबांना आता शेतावर दोन-चार घोडे ठेवावेत, मुलांना रपेट शिकवावी, जमल्यास बाहेरची मुलेही यावीत, असे वाटू लागले आहे. हौस चांगली आहे. पण घोडे पेंड खाते ते नकाशापाशी. पहिला नकाशा निघतो तबेल्याचा. मोबाईलवर पाहिलेला, लांबलचक, चारही बाजूंनी बंद, मधून बोळ, दोन्हीकडे खोल्या, वर गवताचा माळा. रपेटीचे मैदान उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या कोपऱ्यात. लिदेचा खड्डा तर कागदावर नसतोच. माझे म्हणणे असे, की दख्खनच्या पठारावर हा क्रम नेमका उलटा हवा. आधी जमीन आणि पाण्याची वाट, मग मैदान, मग लिदेची सोय आणि शेवटी तबेला. तोही जमेल तितका हलका आणि उघडा.

बंद तबेल्याचा तो नकाशा वाईट नाही, तो दुसऱ्या हवेचा आहे. जिथे चार महिने बर्फ असते तिथे माणसाला वाऱ्यापासून आडोसा घेऊन घोड्याची चाकरी करावी लागते, म्हणून भिंती आल्या. घोड्याची गरज वेगळी. साधारण ५ ते २५ अंश तापमानात तो सुखात असतो. म्हणजे आपल्या डिसेंबरातली पहाट, जिला आपण कडाक्याची थंडी म्हणून कानटोपी चढवतो, ती त्याला आल्हाददायक वाटते. त्याचा छळ होतो मे महिन्यात, पारा चाळिशीपलीकडे गेल्यावर, तापलेल्या पत्र्याखाली. शिवाय घोडा श्वास फक्त नाकाने घेतो, तोंडाने घेऊ शकत नाही. ओल्या अंथरणातून मूत्राचा उग्र अमोनिया निघतो तो जमिनीलगत जास्त असतो, आणि घोडा आडवा झाला की त्याचे नाक तिथेच असते. त्यात डोक्यावरच्या माळ्यातून गवताची धूळ झडत असेल, तर त्या जनावराला खोकला लागणार हे सांगायला सलोत्री कशाला हवा? माळ्याची आगीची भीती वेगळीच. वाळला चारा घोड्यांच्या डोक्यावर नव्हे, निदान पन्नास-साठ फुटांवर वेगळ्या खोपीत असावा.

या बाबतीत जुने लोक अडाणी नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे एक प्रकरण आहे. त्यात अश्वशाळा घोड्यांच्या संख्येइतकी लांब आणि घोड्याच्या लांबीच्या दुप्पट रुंद असावी, तिला चार दारे असावीत, मध्ये घोड्याला लोळायला मोकळी जागा असावी, प्रत्येक ठाणाला गव्हाण आणि मलमूत्र वाहून जायला वाट असावी, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला असावे, असे सांगितले आहे. तिथे माकडे, मोर, मुंगूस आणि पोपटमैनाही ठेवाव्यात असे त्यात आहे. मुंगूस सापांसाठी असावे असे धरून चालू, माकडांचे समर्थन करायला मी तयार नाही. पण चार दारे, लोळण्याची जागा आणि निचरा या तीन गोष्टी त्या माणसाने शोभेसाठी लिहिलेल्या नाहीत. पूर्व-उत्तर उघडी ठेवण्यात तर सगळे हवामानशास्त्र आले. आपला जून ते सप्टेंबरचा पाऊस मुख्यतः नैऋत्य-पश्चिमेकडून झोडपतो आणि दुपारचे जाळणारे ऊनही पश्चिमेचेच. म्हणजे एकच पूर्ण भिंत हवी, ती पश्चिमेला. बाकी तीन बाजूंना छातीइतका कठडा, वर मोकळी हवा, छप्पर उंच, त्याच्या पुढे चांगली चार-पाच फूट पडवी आणि माथ्याला गरम हवा निघून जायला फट. एका ठाणाला १२ फूट बाय १२ फूट जागा पुरते. छपराला पत्रा घालावाच लागला तर त्याखाली बांबूची तट्टी आणि तिच्या वर हवेची पोकळी ठेवावी. कौले असतील तर उत्तमच.

यावर लगेच विचारले जाते, की इतके उघडे ठेवल्यावर भटकी कुत्री, चोर, तिरपा पाऊस यांचे काय? कुत्री आणि चोर अडवायचे काम कुंपणाचे आहे; ते काम तबेल्याच्या भिंतीवर टाकले की घोडा कैदी होतो आणि चोर मात्र भिंतीपर्यंत बिनबोभाट येतो. तिरप्या पावसाला ताडपत्रीचे किंवा गोणपाटाचे गुंडाळता येणारे पडदे पुरतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मलकपेठला रेसचे घोडे बंद खोल्यांतच असतात, मग ते लोक चुकले का? चुकले नाहीत. शहराच्या मधोमध, मोजक्या जागेत, लाखमोलाचे घोडे ठेवायचे म्हटल्यावर दुसरा उपाय नसतो. तिथे प्रत्येक घोड्यामागे माणसे आहेत, रोजचा व्यायाम ठरलेला आहे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे. शेतावर मोकळी जमीन आहे, माणसे कमी आहेत. ज्याच्याकडे जे आहे त्याने ते वापरावे. ज्याच्याकडे जागा आहे त्याने जागा नसलेल्याची नक्कल करण्यात शहाणपण नाही.

तबेल्यात खर्च करायचाच तर पायाखाली करावा. तांडूर आणि शहाबाद जवळ असल्यामुळे आपल्याकडे फरशी म्हटली की शहाबादी, हे ठरलेलेच. ओसरीला ती छान. पण ओल्या शहाबादी फरशीवर लोखंडी नाल म्हणजे साबणावर ठेवलेली वाटी. मागचा पाय एकदा फाकला की घोडा जन्माचा अधू होऊ शकतो. चोपलेला मुरूम, उभ्या विटा, किंवा खडबडीत काँक्रीटवर रबरी चटई, यांतले काहीही चालेल. नाल्याकडे थोडा उतार मात्र हवा. दुसरे पायाखालचे प्रकरण खिळ्यांचे. बांधकाम संपले की गवंडी-सुतार खिळे, तारा, पत्र्याच्या कापट्या तिथेच टाकून जातात. धनुर्वाताला घोड्याइतके लवकर बळी पडणारे पाळीव जनावर दुसरे नाही. म्हणून ठाणात घोडा बांधण्याआधी एक लोहचुंबक दोरीला बांधून सगळ्या आवारातून ओढत फिरवावा. पंधरा मिनिटांचे काम आहे.

आता मैदान. मला वाटते, सगळ्या योजनेचा खरा कस इथेच लागतो. आपल्या भाषेने घोडा आणि मैदान हे दोन शब्द उगाच जोडलेले नाहीत. प्रमाण मैदान २० मीटर बाय ६० मीटरचे, मुलांना शिकवायला २० बाय ४० सुद्धा पुरते. मोठे मैदान जवळजवळ १२ गुंठे होते. त्यावर एक इंच पाऊस पडला तर ३० हजार लिटर पाणी होते, म्हणजे पाच हजार लिटरचे सहा टँकर, आणि हैदराबादला एक इंच पाऊस एका संध्याकाळीही पडतो. हे पाणी कुठे जाणार, याचे उत्तर ज्याच्याकडे नाही त्याने मैदानाचा विचार सोडावा. उपाय कठीण नाही. वरची माती काढायची, सहा इंच मुरूम पसरून, पाणी मारून रोलरने दाबायचा, २० मीटर रुंदीला एकीकडून दुसरीकडे वीतभर उतार द्यायचा, आणि वरच्या बाजूला चर खणून शेजारच्या शेताचे पाणी बाहेरच अडवायचे. वाळू त्यानंतर. कंजूषपणा इथे गुण आहे: आधी दोनच इंच वाळू टाकावी, घोडे फिरवून पाहावेत, मगच वाढवावी. खोल वाळूत पाय रुतला की पोटरीमागच्या शिरांवर ताण येतो आणि घोडा लंगडतो. नदीची गोल दाण्यांची वाळू टापेखाली गोट्यांसारखी सरकते. खडी फोडून केलेली, जिला हैदराबादेत रोबो सँड म्हणतात, ती कोनदार म्हणून धरून राहते. पण न धुतलेली आणली तर तिची भुकटी घोड्याच्या आणि पोरांच्या छातीत जाते. दोन्हींत दोष आहेत; धुतलेली कोनदार वाळू आणि सकाळी पाण्याचा हलका शिडकावा, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. मैदानावर छप्पर घालण्याचा विचारही आज होतो. सकाळी सहा ते आठ या वेळेत रपेट केली तर त्या लोखंडी सांगाड्याची गरज उरत नाही, आणि त्या पैशांत मैदान दोनदा होते. ज्यांना एवढेही जमणार नाही त्यांनी पंधरा-अठरा मीटर व्यासाचे एक गोल रिंगण करावे. दोरीवर घोडा गोल फिरवायला जुने चाबूकस्वार कावा म्हणत. नवशिक्याची बैठक आणि नव्या घोड्याची समजूत, दोन्ही तिथेच तयार होतात.

शेतकऱ्याचा आक्षेप असा, की पिकाची बारा गुंठे जमीन नाचायला द्यायची का? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मैदान रेगडीत करू नये. काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते, तिच्यावर केलेला पाया दोन वर्षे टिकत नाही. चलक्याची म्हणजे तांबड्या रेताड मातीची, खडकाळ, उंचावरची, जिथे जोंधळाही जीव धरत नाही अशी जागा मैदानाला उत्तम. पिकाची जमीन पिकाला राहते, मुरमाचा खर्च वाचतो. ज्यांची सगळी जमीन भाताची आणि सखल आहे, त्यांना मात्र मी स्पष्ट सांगेन की घोडे ठेवू नका.

लिदेचा हिशेब कुणी करत नाही म्हणून तो करून सांगतो. साडेचारशे किलोचा घोडा दिवसाला वीसेक किलो लीद-मूत्र टाकतो. चार घोड्यांचे वर्षाला जवळपास ३० टन होतात. ओली लीद पंधरा दिवस पडली की माश्यांची एक पिढी उडून जाते. चावऱ्या माश्यांपैकी काही सर्रा नावाचा रोगही घोड्याला देतात. आणि हैदराबादच्या पश्चिमेला हा प्रश्न एका कुटुंबाचा राहत नाही. १९०८ साली मुसी नदीने शहर बुडवले, त्यानंतर उस्मानसागर, म्हणजेच गंडीपेट, आणि हिमायतसागर हे तलाव बांधले गेले. त्यांच्या पाणलोटातली ८४ गावे १९९६ च्या १११ क्रमांकाच्या सरकारी आदेशाने बांधकामापासून राखून ठेवली होती. मोईनाबाद, शंकरपल्लीची बरीच गावे त्यात येतात. तो आदेश राहावा की जावा यावर वर्षानुवर्षे वाद चालला. पण उतारावर टाकलेली लीद आदेश वाचून थांबत नाही, पहिल्या पावसात गंडीपेटच्या वाटेला लागते. दोन पक्के हौद, वर छप्पर, विहीर आणि ओढ्यापासून लांब, एक भरताना दुसरा कुजू द्यायचा, एवढी सोय तबेल्याच्या आधी हवी. तीच लीद सहा महिन्यांनी भाजीच्या वाफ्याला सोने होते, तेव्हा हा खर्च वाया जात नाही.

विटा-सिमेंट वाचवून करायचे काय, तर ते माणसासाठी वापरायचे. बंद, पक्क्या खोल्या तीनच हव्यात: उंदीर शिरणार नाहीत अशी चंदीची म्हणजे दाण्याची कोठी, खोगीर-लगामाची खोली आणि मोतद्दाराचे, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याचे, घर. शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. जुन्या मराठी फौजेत शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे, बारगीर पागेच्या घोड्यावर बसे. भावाभावांच्या सामाईक शेतावरचा घोडा यांपैकी कुणाचाच नसतो, म्हणून त्याची काळजी मोतद्दारावरच पडते. रात्री दोनला पोटशूळाने घोडा लोळू लागला तर पहिली हाक ज्याला ऐकू जाते तो मोतद्दार, आणि त्याला आपण पत्र्याच्या आडोशाला झोपवतो. त्याला पंखा, संडास आणि पाण्याचा नळ असलेली खोली द्या. ट्रूप बाजारातून झुंबर आणायचे ठरले असेल, तर त्या पैशांत हे सगळे होते.

आणि घाई करू नका. हा पावसाळा जाऊ द्या. जुलै-ऑगस्टमध्ये मोठी सर येऊन गेली की शेतावर जा, पाणी जिथे दुसऱ्या दिवशीही उभे असेल तिथे खुंट्या ठोका आणि ती जागा सोडून द्या. दसऱ्यानंतर मुरूम दाबून घ्या, त्यावरून एक आख्खा पावसाळा जाऊ द्या, तबेल्याचे खांब त्यानंतर. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची जत्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार असतो. या वर्षी तिथे नुसते बघायला जा. घोडा पुढच्या वर्षीच्या जत्रेत घ्या.