ओळीनें १०० दिवस

'स्टॅक ओव्हरफ्लो' ह्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर ओळीनें १०० दिवस येणारास 'फॅनॅटिक' नांवाचा बिल्ला मिळतो. अशा हिशेबास दोनच नोंदी पुरतात: शेवटच्या भेटीची तारीख व चालू संख्या. ती तारीख कालची असल्यास संख्या एकानें वाढते. त्याहून जुनी असल्यास पुनश्च एकापासून आरंभ.

परंतु तेथील दिवस जागतिक प्रमाणवेळेचा. आपल्याकडे तो पहाटें ५-३० वाजतां पालटतो. म्हणून सोमवारीं पहाटें ५ वाजतां व नंतर एकदम मंगळवारीं सकाळीं ६ वाजतां येणाराची साखळी तुटते! त्यानें खंत करूं नये. शाळेंत अनेक वर्षें हजेरी घेऊन मी इतकेंच शिकलों, कीं पटावरील खुणेनें विद्यार्थी आला एवढें कळतें. तो काय शिकला, तें त्यास विचारल्यावांचून कळत नाहीं.