माळ रिकामा नसतो

बिदर-कलबुर्गीपासून लातूर-सोलापूरपर्यंतच्या गावांतून आलेल्या निसर्गमित्रांनो,

 राजेश्वरात धबधबा नाही, घनदाट अरण्य नाही. तूर, हरभरा आणि माळ आहे. पाहुण्यांना दाखवायचं काय, अशी चिंता आमच्या संमेलन समितीत काहींना होती. मला नव्हती, कारण निरखून पाहिलं की इथंही पुष्कळ दिसतं.

निरखून पाहणं या मुलखाला नवं नाही. शेजारच्या बसवकल्याणात, म्हणजे चालुक्यांच्या कल्याणीत, राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. कोणत्या माशाला कोणतं आमिष लावावं, इथवर त्यात तपशील आहे. हेतू गळ टाकण्याचा होता, हे कबूल. पण नजर पक्की. सोलापूरचे वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली यांनी तशीच नजर जन्मभर रानासाठी वापरली.

रानाचा उपयोग नजरेपुरता नाही, मनालाही आहे. वेळ अमावास्येला आपण घरदार घेऊन शेतात जातो, भज्जी-आंबील खातो आणि हलक्या मनानं परततो. हे हलकेपण नुसत्या आंबिलीचं नसावं. रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकानं १९८४ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण अभ्यासले. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. रुग्ण मोजकेच होते, त्यावर फार मोठा इमला बांधू नये. तरी रानात वाढलेल्या माणसाला हे पटतं.

मला मुख्य बोलायचंय ते माळाबद्दल. आपण त्याला पडीक म्हणतो आणि पावसाळा आला की झाडं लावायला हौसेनं खड्डे खणतो. त्याच गवतात चंडोल जमिनीवर घरटं करतो, काळवीट चरतात, थंडीत दूरदेशाहून आलेले भोवत्या पक्षी नाकतोडे टिपतात. माळावर दाट झाडी झाली की यांनी जायचं कुठं? झाडं बांधावर लावा, शाळेत लावा, ओढ्याकाठी लावा. माळावर कुदळ मारण्याआधी मात्र चार सकाळी तिथं नुसतं बसा. जे ओळखीचं झालं नाही, ते गेलेलंही कळत नाही.

काळवीट तुरीत शिरलं की शेतकरी चिडतो, आणि त्याचा राग रास्त आहे. म्हणून उद्या दुपारच्या चर्चेला आम्ही गावातल्या शेतकऱ्यांनाही बोलावलं आहे. त्यांचं आधी ऐकू, मग आपण बोलू.

पहाटे साडेपाचला माळाकडे गाड्या निघतील. मळकट रंगाचे कपडे घाला, मोबाइल गप्प ठेवा. चहा निघताना मिळेल, नाश्ता परतल्यावर.