एका पाळकाची एकोणतीस वर्षे



प्रार्थनेला एकत्र यायचे, पण बसायचे मात्र वेगळे! या अपमानाची कल्पना आपल्या गावच्या माणसाला करून द्यायला नको. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी १८०८ साली काही कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांवर हीच पाळी आली. ते मुकाट्याने बसले नाहीत. बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची मंडळी स्थापली. तिचे नाव ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्च.

बरोबर शंभर वर्षांनी, १९०८ साली, ॲडम क्लेटन पॉवेल तेथे पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, म्हणून आले. गृहस्थ काही जन्माचे साधू नव्हते बरं का! ज्या १८६५ साली अमेरिकेतली गुलामगिरी संपली, त्याच साली व्हर्जिनियात त्यांचा जन्म. तरुणपणी कोळशाच्या खाणीत मजुरी आणि जोडीला जुगार. १८८५ मध्ये एका धर्मसभेत त्यांचे मन पालटले आणि ते शिकायला लागले.

न्यूयॉर्कला आल्यावर त्यांनी पाहिले की, आपली माणसे बिऱ्हाडे हलवून हार्लेम भागात चालली आहेत. चर्च मात्र जुन्या जागीच! माणसे जातील तिथे चर्चने गेले पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. पुष्कळांना तो पटेना. खर्चही तीन लाख डॉलरांच्या वर. पण पॉवेल यांनी चिकाटी सोडली नाही. मिळकतीचा दहावा हिस्सा देण्याची सवय त्यांनी लोकांना लावली. १९२३ साली हार्लेममध्ये नवी इमारत उभी राहिली आणि १९२८ पर्यंत तिचे कर्जही फिटले.

आता कोणी म्हणेल, इमारत झाली, काम संपले. खरी कसोटी पुढेच होती. १९३० च्या मंदीत हार्लेममध्ये माणसे बेकार झाली, चुली थंडावल्या. पॉवेल यांनी अन्नछत्राची हाक दिली. पण आधी स्वतःच्या पगारातले एक हजार डॉलर काढून ठेवले, मग लोकांपुढे हात पसरला. दुसऱ्याच्या कणगीवर दान करणे सोपे असते, नाही का?

१९३७ साली ते निवृत्त झाले. ते आले तेव्हा सभासद होते दीड हजारांच्या आसपास. जाताना सुमारे चौदा हजार. हे काही नुसत्या प्रवचनांनी घडले नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळा काय, वाचनालय काय, संस्था कोणतीही असो, पट वाढावा असे आपल्याला वाटतेच. उद्या हजेरी घेताना, जे आले त्यांची नावे मांडाच. पण जो आला नाही तो कुठे राहतो, आणि आज जेवला आहे का, एवढे जरूर विचारा.