तेलाची दुसरी गाळणी



व्याख्यानमालेत इंजिनाच्या तेलावर बोलायला आम्ही उभे राहिलो, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु घुग्गुस-बल्लारपूरचा कोळसा आणि 1982 साली वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील सुरजागडचे लोहखनिज वाहणाऱ्या गाड्यांवर ज्यांचे पोट आहे, ती माणसे आपल्यातलीच आहेत. इंजिन जाम झाले की पहिला जाब ड्रायव्हरला विचारतात, म्हणून हा विषय मिस्त्रींवर सोपवून आम्हांला भागत नाही.

डिझेल जळताना काजळी होते आणि तिचा काही अंश तेलात उतरतो. मूळ फिल्टरमधून बेअरिंगांकडे जाणारे सगळे तेल जायचे असल्यामुळे त्याची गाळणी फार बारीक करता येत नाही. साधारणपणे 20 ते 40 मायक्रॉनचे कण ती अडवते. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, हे ध्यानात घ्या. त्याहून बारीक कण बेअरिंगे आणि रिंगा झिजवीत राहतात. बायपास फिल्टर शेकडा पाच-दहा भाग तेल बाजूला घेतो, सावकाश दोन-तीन मायक्रॉनपर्यंत गाळतो आणि चेंबरमध्ये परत सोडतो. मूळ फिल्टरातही बायपास नावाचा व्हॉल्व्ह असतो. पण त्याचे काम उलटे, फिल्टर तुंबला की तो न गाळलेले तेल पुढे जाऊ देतो. नावे सारखी म्हणून बरेच जण फसतात.

हा खर्च कोणत्या गाडीवर करावा? काट्यापुढच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाडीवर अवश्य करावा. तिच्या मीटरवर किलोमीटर चढत नाहीत, तेलात काजळी मात्र चढते. घरच्या जीपला त्याची गरज नाही. खाणीची धूळ मुख्यतः हवेच्या वाटेने इंजिनात शिरते, तेव्हा एअर फिल्टर फाटका असेल तर पैसे आधी तिथे घालावेत. आणि ज्याचे आतले गाळणे चंद्रपुरात मिळत नाही, तो फिल्टर कितीही नामांकित असो, घेऊ नये. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची लेखी संमती घ्यावी.

बसवताना तेल प्रेशर स्विचजवळ टी जोडून घेतात. त्या वाटेत एक-दीड मिलिमीटर छिद्राचे नोजल हवेच हवे. ते नसेल तर गरम इंजिन मंद चालताना प्रेशर पडते आणि बेअरिंगे कोरडी राहतात. परतीची नळी चेंबरमध्ये, तेलाच्या पातळीच्या वर, मोकळी सुटावी. नळी तेल, उष्णता आणि दाब सोसणारी असावी. सायलेन्सरपासून दूर, चासीच्या धारेला न घासणारी असावी. आलापल्लीहून सिरोंच्याकडे जाताना जंगलात नळी फुटली, तर काही मिनिटांत इंजिन जाते. फिल्टरमध्येही तेल मावते. म्हणून इंजिन चालवून, थोडे थांबून काडी पाहावी आणि कमी भरले असेल तितके तेल घालावे. काही वेळाने फिल्टरचे डबडे गरम लागले, तर तेल त्यातून फिरते आहे असे समजावे.

आता भांडणाची गोष्ट. एका मालकाने हा फिल्टर बसवला आणि तेल बदलणेच सोडून दिले. तेलात मिसळलेले डिझेल आणि त्यात तयार होणारे आम्ल कोणतीही गाळणी काढत नाही. खर्ची पडलेली रसायनेही परत येत नाहीत. मुदत वाढवायची तर तेल प्रयोगशाळेत तपासून वाढवावी. इंजिन जाम झाले तेव्हा मालक ड्रायव्हरच्या पगारातून कपात करायला निघाला. आम्ही तेलबदलाची वही मागितली. वही नव्हतीच! कपात थांबली. तेव्हापासून आमची मागणी अशी आहे की, तेल आणि गाळणे बदलल्याची तारीख, किलोमीटर व इंजिन चालल्याचे तास मालकाच्या सहीने लिहावेत आणि त्याची एक प्रत ड्रायव्हरजवळ राहावी.