‘स्टार’ कोणता हवा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या भागात नावाची एक गंमत आहे. तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील कचेरी आणि मोठी बाजारपेठ पांढरकवड्याला. नवखा माणूस कागदावरचं नाव वाचून केळापुरात येतो, जगदंबेच्या देवळापाशी चौकशी करतो, आणि मग कोणीतरी हसून त्याला पांढरकवड्याचा रस्ता दाखवतं. नाव एक, ठिकाण दुसरं.

मी ज्या हार्डवेअरच्या दुकानात गेली चोवीस वर्षं हिशेब लिहितो, तिथंही रोज हेच चालतं. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ‘‘स्टारचा बिट द्या.’’ त्याला हवा असतो फुलीच्या तोंडाचा बिट. त्याचं खरं नाव फिलिप्स. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांनी १९३६ साली या स्क्रूची पेटंटं मिळवली आणि मोटारींच्या कारखान्यांतून तो जगभर पसरला. खरोखर चांदणीसारखा, सहा टोकांचा जो स्क्रू असतो, तो टॉर्क्स. तो आला १९६७ साली. आपल्याकडे दोघांनाही ‘स्टार’च म्हणतात. एवढ्याशा नावाच्या घोळानं काय बिघडतं, असं मलाही वाटायचं. मी बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. शब्द चुकला तर रात्रभर झोप येत नाही. पण बिट चुकला तर काय होतं, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

खरं तर हे मला घरातच कळायला हवं होतं. आमचे अब्बा सुतारकाम करायचे. आमच्याकडे सागवानाचा मुलूख, त्यामुळे दारं, चौकटी, कपाटं यांचं काम भरपूर. अब्बांच्या पेटीत तीन पेचकस होते, तिन्ही चपट्या तोंडाचे. प्रत्येकाचं तोंड त्यांनी कानशीनं घासून वेगवेगळ्या स्क्रूच्या खाचेला बरोबर बसेल असं केलेलं होतं. पितळी स्क्रू बसवायचा असला की आधी बारीक भोक पाडायचे, त्यात लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घ्यायचे, तो काढून टाकायचे आणि मग मेणबत्तीवर घासलेला पितळी स्क्रू हलकेच बसवायचे. सागवानात पितळी स्क्रू जोरानं पिळला तर मान मोडते. मी घाई केली की म्हणायचे, ‘‘बेटा, पेच को पहले बैठने दे, फिर घुमा.’’

अब्बा गेले, पेटी माळ्यावर गेली, आणि दुकानात बॅटरीवर चालणारी यंत्रं आली. त्यातलं सध्या सगळ्यात मागणी असलेलं यंत्र म्हणजे इम्पॅक्ट ड्रायव्हर. मोटारसायकलच्या मिस्त्र्यांकडे याच नावाचं एक जुनं हत्यार असतं. ते गंजलेल्या स्क्रूवर ठेवून वरून हातोडा मारायचा, म्हणजे ते दाबतं आणि त्याच वेळी थोडं फिरतंही. नव्या यंत्रात हातोडा आतच असतो. स्क्रू सहज जात असेल तोवर यंत्र नुसतं फिरतं. अडला, की आतला हातोडा स्प्रिंगला मागे रेटत सुटतो आणि फिरण्याच्या दिशेनं टोला देतो. असे टोले मिनिटाला तीन हजारांहून जास्त. म्हणून मनगटाला पीळ बसत नाही आणि लांब स्क्रूही सरसर आत जातो. पण ते सगळे टोले जातात कुठून? यंत्राच्या तोंडाशी बसवलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या पोलादी तुकड्यातून. त्यालाच आपण बिट म्हणतो. यंत्र हजारोंचं, आणि सगळा भार त्या काही रुपयांच्या तुकड्यावर.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगतो आहे, ती सांगतो.

माझी मोठी बहीण, आमची आपा, जवळच्याच एका गावात राहते. मेहुणे गेल्यावर तिनं शिवणकाम करून मुलाला शिकवलं. भाच्यानं आयटीआय केलं आणि टिनाचे पत्रे बसवण्याचं, छोट्या फॅब्रिकेशनचं काम सुरू केलं. त्यानं हप्त्यावर इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतला. मामा म्हणून मी ईदला त्याला बिटांची पेटी दिली. चाळीस नगांची, झाकण पारदर्शक, आत सगळं चकचकीत. आमच्याच दुकानातली. चांगल्या प्रतीचे मोजके बिट तेवढ्याच पैशात आले असते. पण पाच-सहा नग पुडीत बांधून काय द्यायचे? पेटी कशी भरगच्च दिसते.

त्या चाळिसातले तीसेक नग त्याला कधीच लागणार नव्हते. पत्र्याच्या कामाला मुख्यतः एकच गोष्ट लागते. सेल्फ ड्रिलिंग स्क्रूच्या सहा कोनी डोक्यावर बसणारा आठ मिलिमीटरचा सॉकेट, ज्याला नट सेटर म्हणतात. पेटीत तो एकच होता, आणि मऊ धातूचा.

मे महिन्याच्या शेवटी त्यानं आपाच्या घरावरचं जुनं छप्पर काढून नवे पत्रे टाकायला घेतले. पहिल्या दिवशी काम बरं झालं. दुसऱ्या दिवशी सेटरचं तोंड फाकलं. स्क्रूच्या डोक्यावर तो नुसताच गरगर फिरू लागला. आतल्या चुंबकाला स्क्रूचा लोखंडी कीस चिकटलेला, त्यामुळे डोकं पूर्ण आत बसतच नव्हतं. त्यानं मला फोन केला, ‘‘मामू, सेटर पकड नहीं रहा.’’ मी हिशेबात गुंतलेलो. म्हणालो, ‘‘जोर से दबा के चला.’’ अब्बांच्या मुलानं दिलेला हा सल्ला!

त्यानं दाबून चालवलं. कित्येक डोकी घासून गोल झाली. पश्चिमेच्या कडेची रांग राहिली होती, तिथं जागोजागी एक-एक स्क्रू पान्यानं हातानंच अर्धवट आवळला आणि अंधार पडला म्हणून खाली उतरला. उरलेलं सकाळी करू, म्हणाला.

त्याच रात्री वादळ आलं. उन्हाळ्यात आमच्याकडे लोक अंगणात झोपतात. आपाची बाज अंगणातच होती. वाऱ्याबरोबर धूळ आली तशी ती उठून दोरीवरचे कपडे काढायला गेली. तेवढ्यात कडेचा पत्रा मोठा आवाज करत उचलला गेला आणि तिच्या बाजेवर आडवा पडला. बाजेची एक पाटी तुटली. आपा पाच हातांवर कपडे छातीशी धरून उभी होती.

कोणाला काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी गावात एकच बोललं जाऊ लागलं, पोराला आईच्या घरावरचे पत्रे धड बसवता आले नाहीत, तो दुसऱ्यांचे काय बसवणार? ठरलेली दोन कामं हातची गेली. भाचा मान खाली घालून ऐकत राहिला. पेटी मामानं दिली होती, हे त्यानं कोणालाही सांगितलं नाही. आणि मी तिथं हजर असून मीही सांगितलं नाही. लोकांसमोर नाही, आपासमोरही नाही. दहा-बारा दिवस मी ते गिळून बसलो. शेवटी आपाच एकदा म्हणाली, ‘‘भाई, तू आजकल ऊपर देखता ही नहीं.’’ छपराकडे, असा तिचा अर्थ होता. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. भाच्याचीही माफी मागितली. आज तुमच्यासमोर सांगतो आहे, कारण गावात जे बोललं गेलं त्याची भरपाई घरातल्या माफीनं होत नाही.

त्यानंतर मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. बरंचसं भाच्यानंच शिकवलं आहे.

पहिली गोष्ट, नग मोजून पेटी घेऊ नका. आपलं काम कोणतं ते आधी ठरवा. लाकूडकाम आणि प्लायचं काम करणाऱ्याला सगळ्यात जास्त लागतो तो फिलिप्स दोन नंबर. बिटावर पीएच आणि आकडा कोरलेला असतो. बारीक स्क्रूला एक नंबर, जाड्याला तीन नंबर. शंभर नगांची पेटी घेण्यापेक्षा चांगले पाच ‘दोन नंबर’ घ्या. कपाटाच्या बिजागऱ्यांचे आणि जोडणीच्या फर्निचरचे स्क्रू नीट निरखा. मोठ्या फुलीच्या मध्ये चार बारीक रेघा दिसल्या तर तो फिलिप्स नाही, पोझीड्राइव्ह आहे. त्याच्या बिटावर पीझेड लिहिलेलं असतं. एकाच्या जागी दुसरा घातला तर चालल्यासारखा वाटतो आणि थोड्या वेळानं दोघांचीही तोंडं खातो. जपानी धाटणीच्या मोटारसायकलींच्या फुल्याही दिसायला फिलिप्ससारख्याच, पण माप जरा निराळं. म्हणून तिथं डोकी घासली जातात आणि दोष मिस्त्रीला मिळतो.

दुसरी गोष्ट, बिट इम्पॅक्टसाठी बनवलेला आहे का ते विचारा. साधा बिट कडक असतो, पण टोल्यानं तडकतो. इम्पॅक्टच्या अनेक बिटांची मान मधेच थोडी बारीक केलेली असते. टोला बसला की ती मान किंचित पिळते आणि परत सरळ होते, त्यामुळे टोकावरचा ताण कमी होतो. एस२ नावाचं पोलाद यासाठी चांगलं समजलं जातं. नुसता काळा रंग पाहून फसू नका, रंग कशालाही देता येतो.

तिसरी गोष्ट लांबीची. मागची बाजू सगळ्यांची सारखीच, पाव इंची, सहा कोनी. पण पंचवीस मिलिमीटरचा आखूड बिट यंत्रात घालायला मधे होल्डर लागतो. पन्नास मिलिमीटरचा, मागे खाच असलेला बिट यंत्रात थेट बसतो आणि कमी डगमगतो. आपल्याकडे पासष्ट मिलिमीटरचे, दोन्ही बाजूंना तोंड असलेले बिटही भरपूर मिळतात. अडचणीच्या कोपऱ्यासाठी लांब बिट ठेवा, पण बिट जितका लांब तितका हात तिरका जाण्याचा धोका जास्त.

चौथी गोष्ट दुकानातच करून बघण्यासारखी आहे. आपला स्क्रू खिशात घेऊन या. बिटाच्या तोंडावर बसवा आणि आडवा धरा. बिटाला चुंबक नसताना स्क्रू न लोंबता राहिला, हलवल्यावर खडखडला नाही, तर तो बिट त्या स्क्रूचा. अब्बा कानशीनं जे साधत होते, तेच हे.

आता वापरण्याविषयी. यंत्र स्क्रूच्या सरळ रेषेत धरा. सुरुवात हळू करा, स्क्रूनं वाट धरली की वेग वाढवा. फिलिप्सच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, म्हणून जोर वाढला की बिट वर सरकतो. मागून सारखा दाब हवा. घसरल्याचा कर्रर्र आवाज आला की लगेच थांबा. बिटाची धार गोल झाली असेल तर त्याचा मोह सोडा. झिजलेला बिट वाचवलेले पैसे पुढच्या दहा स्क्रूंकडून वसूल करतो. सागवानासारख्या लाकडात आधी भोक पाडा. पितळी स्क्रूचा शेवटचा फेरा हातानं द्या. जिप्समचे काळे स्क्रू ठिसूळ असतात, टोल्यांनी त्यांचं डोकं तुटतं. बारीक स्क्रू, विजेच्या बटणांच्या पाट्या, काचेजवळचं काम यांना हे यंत्र लावू नका. डोळ्यांना चष्मा हवाच, कानांचीही काळजी घ्या.

पत्र्याच्या स्क्रूखाली रबराची चकती असते. ती पत्र्याला टेकून किंचित फुगली की थांबायचं. सैल राहिली तर पाणी शिरतं. जास्त आवळली तर रबर चिरडून बाहेर येतं आणि मग उन्हात फाटतं, तरीही पाणीच शिरतं. सेटरच्या तोंडातला कीस अधूनमधून पुसायचा. आणि वाऱ्याचा जोर छपराच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर सगळ्यात जास्त असतो, म्हणून तिथले स्क्रू आधी पूर्ण करायचे, सकाळवर ठेवायचे नाहीत.

भाचा आता पुन्हा काम करतो. त्याच्या कमरेच्या पट्ट्यात मोजून आठ बिट असतात आणि दोन सेटर, एक चालू, एक राखीव. ती चाळीस नगांची पेटी त्यानं टाकली नाही. आपाच्या शिवणयंत्राजवळ ठेवली आहे. तिच्या कप्प्यांत आता बटणं आणि हुक असतात.

दुकानात कोणी आलं आणि ‘स्टार’ मागितला, की मी वहीतून मान वर करून विचारतो, ‘‘कोणता स्टार? स्क्रू आणलाय का? काम कशाचं आहे?’’ काही लोक वैतागतात. मालकही सुरुवातीला म्हणाले, ‘‘भाई, एवढी चौकशी केली तर गिऱ्हाईक जाईल.’’ एखादं जातंही. पण मला त्या वेळी आपाची बाज दिसते.

पावसाळा लागण्याआधी एकदा आपल्या छपराची कड पाहून घ्या. शिडी धरायला खाली कोणीतरी उभं असू द्या. एखादा स्क्रू सैल दिसला तर पेच आधी नीट बसू द्या, मग फिरवा.